उजेड डोळ्याला टोचतोय? आधी अंधार करून बसणं थांबवा

दुपारी बाल्कनीचं दार उघडलं की डोळे आपोआप मिटतात, मॉलमधल्या पांढऱ्या लाइटखाली दहा मिनिटं उभं राहिलं की कपाळ ठणकायला लागतं, रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट नुसता दिपवत नाही तर आत कुठेतरी कळ आणतो. असा त्रास सुरू झाला की जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो, पडदे ओढून घेतो आणि घरातसुद्धा गॉगल लावून बसतो. एखाद-दोन दिवस ठीक आहे. पण महिनाभर असं केलं तर डोळे उजेडाला आणखी नाजूक होतात, आणि त्रास ज्या कारणाने सुरू झाला ते कारण तसंच आत बसून राहतं. उजेड सहन न होणं हे एक लक्षण आहे, डॉक्टर त्याला फोटोफोबिया म्हणतात, आणि त्याच्या मागे साध्या कोरड्या डोळ्यांपासून मेंदूज्वरापर्यंत काहीही असू शकतं. म्हणून पहिलं काम कारण शोधायचं आणि दुसरं काम उजेडाची सवय हळूहळू परत लावायची, या क्रमाने हा लेख लिहिलाय.

मी डॉक्टर नाही. मला कॉलेजपासून अर्धशिशी म्हणजे मायग्रेन आहे आणि घरात इतरांनाही डोळ्यांचे वेगवेगळे त्रास झालेत, त्यामुळे या विषयात वाचन, दवाखाने आणि डॉक्टरांना विचारलेले प्रश्न असं बरंच जमा झालंय. तेच इथे देतेय.

सगळ्यात आधी : आजच्या आज जायचं का?

पुढचं काहीही वाचायच्या आधी हे बघा. ताप, मान आखडलेली, उलट्या, गुंगी आणि उजेड नकोसा होणं हे सगळं एकत्र असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, मेंदूज्वर असू शकतो आणि तिथे तास मोजले जातात. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं अचानक दुखलं आणि उजेड सहन होईना, तरी तेच. डोक्याला मार लागल्यानंतर उजेड टोचतोय आणि सोबत उलट्या, झोप आल्यासारखं, बोलण्यात गडबड, तरी तेच.

डोळ्याच्या बाबतीत : एकच डोळा लाल, आतून दुखतोय आणि नजर धूसर झालीय तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, डोळा दगडासारखा घट्ट वाटतोय, मळमळतंय, तर काचबिंदूचा झटका असू शकतो, रात्र काढायची नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन उजेड खुपायला लागला तर लेन्स काढा, टाकून न देता डबीत घालून सोबत न्या. ऊस तोडताना पात लागली, भाताचं तूस उडून डोळ्यात गेलं आणि दोन-तीन दिवसांनी डोळा लाल, पाणी, उजेड नको, बुबुळावर पांढरा ठिपका, हे बुरशीचं इन्फेक्शन असण्याची शक्यता खरी आहे आणि आपल्याकडे शेतकऱ्यांचे डोळे यात जातात, ते फक्त उशीर झाला म्हणून.

चुना, ॲसिड, फिनाइल किंवा रुईचा चीक डोळ्यात गेला तर आधी पाणी. नळाखाली किंवा तांब्याने सलग पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा, मग दवाखाना. रुईचं मुद्दाम लिहितेय कारण शनिवारी मारुतीला माळ करताना पानं तोडतात, हाताला चीक लागतो आणि तोच हात डोळ्याला जातो. सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि काही तासांत सगळं धुक्यातून बघितल्यासारखं होतं, उजेड सहन होत नाही. तो चीक डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या थरापर्यंत पोचून सूज आणतो. धोत्र्याचं वेगळंच आहे, त्याने डोळ्याची बाहुली मोठी होऊन तशीच राहते. खुरपणी करताना किंवा पूजेची फुलं काढताना हात लागला आणि नंतर एका डोळ्याने उजेड जास्तच यायला लागला, जवळचं वाचता येईना, तर डॉक्टरला धोत्र्याचं आवर्जून सांगा, नाहीतर बाहुली मोठी दिसली म्हणून मेंदूच्या स्कॅनपर्यंत प्रकरण जातं.

उजेडाने दुखतं म्हणजे नेमकं काय होतं

थोडक्यात सांगते कारण हे कळलं की पुढचे उपाय का करायचे ते कळतं. डोळ्याची पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, तिच्यात वेदनेच्या नसा खच्चून भरलेल्या आहेत. चेहऱ्याची आणि कपाळाची वेदना वाहून नेणारी जी ट्रायजेमिनल नस आहे तिच्याच त्या फांद्या. म्हणून कॉर्निया कोरडा पडला, खरचटला की उजेडात डोळाही दुखतो आणि कपाळही. दुसरं, बाहुली लहान-मोठी करणारा स्नायू सुजलेला असेल तर उजेड पडल्यावर तो आवळला जातो आणि कळ येते. तिसरी गोष्ट मायग्रेनवाल्यांसाठी महत्त्वाची. रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, थोड्या पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम उजेड किती आहे हे मेंदूला कळवत राहणं. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि साधारण 480 नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला ते सगळ्यात जास्त भडकतं. 2010 साली बोस्टनमध्ये रॉड्रिगो नोसेडा आणि रामी बर्स्टीन यांनी दृष्टी गेलेल्या मायग्रेन पेशंट्सचा अभ्यास केला. ज्यांना वस्तू दिसत नव्हत्या पण उजेड-अंधार कळत होता त्यांचंसुद्धा डोकं उजेडात वाढत होतं, आणि ज्यांना उजेड अजिबात कळत नव्हता त्यांचं वाढत नव्हतं. म्हणजे तुमची मायग्रेनवाली बायको, बहीण, मित्र ‘लाइट बंद करा’ म्हणते तेव्हा ते नखरे नाहीत, डोळ्यापासून मेंदूपर्यंत तशी सरळ वायरिंग आहे.

चार-पाच दिवस नोंद ठेवा

धोक्याची लक्षणं नाहीत असं गृहीत धरून पुढे जाऊ. डॉक्टरकडे जाऊन ‘उजेड सहन होत नाही’ एवढंच सांगितलं तर ते तरी काय करणार. मोबाइलच्या नोट्समध्ये रोज चार ओळी लिहा. एका डोळ्याला होतं की दोन्ही. सकाळी उठल्या-उठल्या जास्त की संध्याकाळी. डोळ्यात वाळू गेल्यासारखं, खाज, चिकटपणा, पाणी, यातलं सोबत काय आहे. डोकं दुखतं का, दुखलं तर उजेडाच्या आधी की नंतर. ऊन, ट्यूबलाइट, स्क्रीन, हेडलाइट यातलं नेमकं काय सगळ्यात जास्त छळतं.

यातूनच अर्धं चित्र दिसतं. संध्याकाळी वाढणारं, वाळूसारखं, एसीत आणि स्क्रीनसमोर जास्त, तर कोरडे डोळे. प्रचंड खाज आणि तारेसारखा चिकट स्राव, तर ॲलर्जी. हेडलाइट फुटल्यासारखे पसरतात, पण दुखत काही नाही, आणि वय साठच्या पुढे, तर मोतीबिंदू. महिन्यातून काही दिवस डोकं, मळमळ आणि उजेड-आवाज दोन्ही नको, तर मायग्रेन. डोळे येऊन गेल्यानंतर आठवडे उलटले तरी उजेड खुपतोय, तर ॲडेनोव्हायरसने कॉर्नियावर बारीक डाग सोडले असतील. ॲडेनोव्हायरसच्या साथीनंतर काही जणांना हा त्रास मागे राहतो आणि ते डाग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या दुर्बिणीखाली, दिसतात.

एक नोंद विशेष. माझ्या चुलत भावाचा डोळा लाल झाला, मेडिकलवाल्याने डोळे आलेत म्हणून ड्रॉप दिले. पण चिकटपणा अजिबात नव्हता, लाली पांढऱ्या भागावर सगळीकडे न पसरता बुबुळाच्या कडेला रिंगणासारखी गडद होती, आणि दुखरा डोळा हाताने झाकून चांगल्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च मारला तरी झाकलेल्या डोळ्यात कळ येत होती. दोन्ही बाहुल्या एकत्र आवळतात, म्हणून असं होतं. हे आयरायटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज असल्याचं लक्षण आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते का? होती, कित्येक वर्षं, आणि तो बाइकवर खापर फोडत होता. रक्ताची एचएलए-बी27 टेस्ट, मग संधिवाताचे डॉक्टर, आणि निघालं अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात. डोळ्याचा उजेड आणि पाठीचा कणा यांचा संबंध असतो हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून डॉक्टरला डोळ्याशिवायचंही सांगा : सांधे, तोंड कोरडं पडणं, त्वचेवरचे चट्टे, चालू असलेल्या गोळ्या. सर्दी-ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या डोळे कोरडे करतात.

डॉक्टरकडे काय तपासून घ्यायचं

चष्म्याच्या दुकानातली कॉम्प्युटर तपासणी यासाठी पुरेशी नाही, तिथे फक्त नंबर कळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर तपासणी, पिवळा-केशरी फ्लुरोसीन रंग घालून कॉर्निया बघणं, अश्रूंचा थर किती सेकंदात फुटतो ते (दहा सेकंदांच्या आत फुटला तर कोरडेपणा धरतात), पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांची शिर्मर टेस्ट, डोळ्याचं प्रेशर आणि बाहुली मोठी करून रेटिना. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे चार-सहा तास ऊन सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जायचं नाही, कोणाला तरी सोबत घ्या आणि गॉगल-टोपी पिशवीत ठेवा. लहान मुलांना ॲट्रोपिन घातलं तर हा परिणाम आठवडाभर किंवा जास्तही राहतो, घाबरू नका.

सगळं नॉर्मल आलं तरी त्रास खोटा ठरत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारा की सुन्न करणारा थेंब घालून बघता येईल का. थेंबाने दुखणं पूर्ण थांबलं तर मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे, नाही थांबलं तर नसा किंवा मेंदूच्या बाजूने शोधावं लागेल, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. हा थेंब फक्त डॉक्टरच्या खोलीत. वेल्डिंगच्या कामावरचे लोक खिशात ठेवतात, हे फार घातक आहे, वारंवार वापरला तर कॉर्निया विरघळत जातो. वेल्डिंगच्या उजेडाने डोळा भाजला तर त्रास लगेच नाही, सहा-बारा तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री सुरू होतो आणि बहुतेकांचा एक-दोन दिवसांत भरून येतो. तोवर डॉक्टरांनी दिलेलं औषध, थंड पट्टी आणि डोळे बंद. बटाट्याच्या चकत्या, दूध वगैरे काही नको.

मेडिकलमधून परस्पर आणलेले ड्रॉप

यावर मला कळकळीने सांगायचंय. ज्या ड्रॉपने लाली आणि उजेडाचा त्रास दोन दिवसांत गायब होतो त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. योग्य आजारात, डॉक्टरांच्या नजरेखाली ते डोळा वाचवतं, आयरायटिसमध्ये तर तेच मुख्य औषध आहे. पण चिठ्ठी नसताना महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि आत बुरशी असेल तर तिला रान मोकळं मिळतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. खोक्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, मागच्या वेळची उरलेली बाटली परत वापरायची नाही. लाली घालवणारे ‘डोळे पांढरे करणारे’ ड्रॉपही नको, ते थांबवले की लाली दुपटीने येते. मध, गुलाबजल, कांद्याचा रस, एरंडेल, डोळ्यात यातलं काहीही नाही.

कोरडे डोळे असतील तर

डोळ्याच्या कारणांमध्ये सगळ्यात जास्त भेटणारं हेच आहे म्हणून जरा सविस्तर. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचं निम्म्याहून जास्त विसरतो आणि मिटल्या तरी अर्धवट मिटतो. त्यात पंखा तोंडावर, एसीची झोत समोरून. आधी हे बदला, पंख्याची दिशा आणि पलंगाची जागा बदलायला पैसे लागत नाहीत. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी खाली ठेवा म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब, वीस सेकंद बघायचं हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात एक भर घाला, त्या वीस सेकंदांत पापण्या पूर्ण मिटून हलकेच दाबायच्या, चार-पाचदा.

मग शेक. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, ते तेल घट्ट झालं की अश्रू लवकर उडून जातात. एक सुती रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळून ठेवला तर दोन मिनिटांत गार होतो आणि शेक लागतच नाही, म्हणून दोन रुमाल घ्या, एक डोळ्यावर असताना दुसरा पाण्यात, आलटून पालटून आठ-दहा मिनिटं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, चटका बसला तर पाणी जास्त गरम आहे, साधारण 40 अंश पुरे. शेक झाल्यावर बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, केसांच्या दिशेने हलकेच दाबत न्यायची आणि कड ओल्या स्वच्छ कापडाने पुसायची. रोज एकदा, निदान महिनाभर, दोन दिवसांत फरक पडत नाही.

अश्रूंसारखे थेंब, म्हणजे कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज किंवा हायल्युरोनेटवाले, डॉक्टरांना विचारून. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेली बाटली सारखी घातली तर तीच पृष्ठभागाला त्रास देते. उघडलेली बाटली साधारण महिन्यानंतर टाकून द्यायची, खोक्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा.

मायग्रेन असेल तर

झटका आलेला असताना अंधाऱ्या खोलीत पडून राहणं योग्यच आहे, त्याबद्दल कोणी बोलू नये. झटका संपल्यावर मात्र पडदे उघडायचे. मायग्रेनवाल्यांना झटक्याशिवायच्या दिवसांतही उजेड इतरांपेक्षा जास्त खुपतो, तिथे रंगीत चष्म्याचा उपयोग होतो. एफएल-41 नावाची गुलाबी-तपकिरी छटा आहे, निळ्या-हिरव्या भागातला त्रासदायक उजेड ती गाळते. बर्मिंगहॅममध्ये 1991 साली मायग्रेन असलेल्या मुलांवर ती वापरून बघितली तेव्हा महिन्याला सरासरी 6.2 झटके होते ते 1.6 वर आले. अभ्यास लहान होता, पण पुढे अमेरिकेत युटामध्ये पापण्या आवळून मिटणाऱ्या ब्लेफरोस्पाझमच्या पेशंट्सनाही या छटेने आराम मिळाल्याचं दिसलं. मोठ्या ऑप्टिशियनला छटेचं नाव सांगून ऑर्डर करता येतं, फिकट घ्या, घरात-ऑफिसात घालायची आहे. बाजारात सरसकट विकले जाणारे ‘ब्लू कट’, म्हणजे निळा उजेड अडवणारे, चष्मे म्हणजे हे नाही. 2023 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने त्यांच्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, स्क्रीनच्या थकव्यावर त्यांचा फायदा दिसला नाही.

बर्स्टीन यांच्याच गटाला 2016 मध्ये असं आढळलं की सगळ्या रंगांत अरुंद पट्ट्यातला मंद हिरवा उजेड डोकेदुखी सगळ्यात कमी वाढवतो. साध्या हिरव्या बल्बमध्ये इतर रंग मिसळलेले असतात त्यामुळे तोच परिणाम येईल असं नाही.

आणि गोळ्या मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होते आणि उजेड कायमचाच खुपायला लागतो. इतक्या गोळ्या लागत असतील तर झटके येऊच नयेत म्हणून घ्यायची वेगळी औषधं असतात, न्यूरॉलॉजिस्टला भेटा.

घरातला गॉगल काढायचा कसा

मॅटिनी शो बघून भर दुपारी थिएटरबाहेर पडलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीय. अंधारात वीस-तीस मिनिटं राहिलं की रेटिना हजारो पटींनी संवेदनशील होते. जो माणूस दिवसभर घरात काळा चष्मा लावतो त्याची रेटिना दिवसभर थिएटरमध्ये बसलेली असते, मग साधी ट्यूब पण भाल्यासारखी लागते. घरातला उजेड शंभर-दीडशे लक्स (उजेड मोजायचं एकक), ऑफिसातला तीनशे ते पाचशे, आणि बाहेरचं कडक ऊन लाखाच्या घरात, एवढा फरक आहे. गॉगल त्या लाखासाठी बनवलाय.

पण एकदम काढायचा नाही. आधी आयरायटिस, कॉर्नियाची जखम असलं काही असेल तर ते बरं होऊ द्या, तोपर्यंत हा कार्यक्रम सुरू करायचा नाही. त्यानंतर पहिल्या आठवड्यात घरात काळ्याऐवजी फिकट छटेचा चष्मा, आणि पडदा रोज एक वीत जास्त उघडा. संध्याकाळच्या उन्हात, सूर्याकडे पाठ करून, दहा मिनिटं चालणं. नीट जमलं की वेळ वाढवायची, मग फिकट चष्मासुद्धा दिवसातले काही तास बाजूला ठेवायचा. एखाद्या दिवशी त्रास वाढला तर एक पायरी मागे, पण परत अंधाऱ्या खोलीत नाही. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्यांना याला आठवडे, कधी महिने लागतात, घरच्यांनी घाई करू नये. कायम उजेड टाळत जगणाऱ्या माणसाला चिंता आणि उदासी लवकर गाठते, बोलून दाखवत नसेल तर विचारा.

दिवे आणि स्क्रीन

बल्बच्या खोक्यावर केल्विन, म्हणजे उजेडाची छटा सांगणारा आकडा, बघा. आपल्याकडे दुकानदार न विचारता 6500 केल्विनचा निळसर पांढरा देतो, तुम्ही 2700 ते 3000 चा मागून घ्या. दिवा डोळ्यांना थेट दिसता कामा नये, भिंतीवर किंवा छतावर पडून परत येऊ दे. दुसरं, झगमग. स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्यांना दिसत नाही पण काहींचं डोकं त्याने धरतं. मोबाइल स्लो मोशनवर ठेवून दिव्याचा व्हिडिओ काढा, पट्टे किंवा धडधड दिसली तर तो दिवा बदला. आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब अशीच सापडली, ओट्याशी उभं राहिलं की अर्ध्या तासात कपाळ जड व्हायचं ते ट्यूब बदलल्यावर बरंच कमी झालं.

टेबल असं ठेवा की खिडकी बाजूला येईल, समोर किंवा पाठीमागे नाही. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा, स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर ब्राइटनेस कमी, राखाडी वाटत असेल तर वाढवा. अंधारात मोबाइल बघायचाच असेल तर अँड्रॉइडला ‘एक्स्ट्रा डिम’ आणि आयफोनला ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे. डार्क मोड सगळ्यांना मानवत नाही, चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात, त्यांनी फिकट क्रीम बॅकग्राउंड करून बघा.

बाहेर

टोपी गॉगलइतकीच महत्त्वाची आहे, कारण वरून येणारी तिरीप गॉगल अडवत नाही. कड रुंद आणि आतून गडद रंगाची हवी. गॉगल घेताना काळेपणा बघू नका, यूव्ही 400 लिहिलंय का बघा आणि ऑप्टिशियनकडच्या मीटरवर तपासून घ्या. नुसत्या काळ्या काचेने बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण उलट जास्त आत जातात. रोजच्यासाठी कॅटेगरी 3, जी 8 ते 18 टक्के उजेड आत सोडते, पुरे. कॅटेगरी 4 घालून गाडी चालवायची नाही. ओला रस्ता, समुद्र, समोरच्या गाडीची काच यांच्या चमकेसाठी पोलराइज्ड उत्तम, फक्त काही मोबाइल आणि मीटरचे डिस्प्ले त्यातून काळे दिसतात. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे कारमध्ये नीट काळे होत नाहीत, पुढची काच अतिनील किरण आधीच अडवते. कारला गडद फिल्म लावायची असेल तर नियम लक्षात ठेवा, पुढच्या-मागच्या काचेतून निदान 70 टक्के आणि बाजूच्यांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे.

रात्री कोणताही रंगीत चष्मा घालून गाडी नको, पिवळा पण नाही. हेडलाइट जास्तच फुटत असतील तर आधी समोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ करा, चष्म्यावरचे ओरखडे बघा, काचेला अँटिरिफ्लेक्शन कोटिंग आहे का बघा, आणि मोतीबिंदू तपासा. मिरवणुकीतल्या लेझरकडे बघायचंच नाही, 2023 च्या गणपतीनंतर रेटिनाला इजा झाल्याच्या केसेस राज्यात समोर आल्या होत्या, आणि ती इजा भरून येईलच असं नसतं.

मुलांचं

पाच ते पंधरा वयाची मुलं, मुलगे जास्त, उन्हाळ्यात डोळे सारखे चोळतात, किलकिले करतात, वर्गात खिडकीकडे पाठ करून बसतात. ही उन्हाळी ॲलर्जी, व्हर्नल म्हणतात. चोळण्याने कॉर्निया पातळ होऊन टोकदार होऊ शकतो, त्यामुळे चोळणं थांबवणं हाच अर्धा उपचार आहे, खाज आली की फ्रिजमधल्या पाण्याची पट्टी. ही वर्षानुवर्षं परत येणारी गोष्ट आहे आणि याच मुलांना पालक मागच्या वर्षीचे स्टेरॉइड ड्रॉप घालत राहतात, वर लिहिलेलं पुन्हा एकदा वाचा. शाळेत बाईंना भेटून खिडकीपासून लांब आणि फळ्यावर चमक येणार नाही अशी जागा मागा, मैदानावर टोपी घालायची परवानगी लिहून घ्या. ज्या मुलाची त्वचा-केस जन्मतः पांढरे आहेत त्याला तर रंगीत चष्मा आणि टोपी वर्गातही लागते, ते शिस्तीत बसत नाही म्हणून काढायला लावू देऊ नका.

तान्हं बाळ उजेडात तोंड फिरवतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि बुबुळ मोठं किंवा निळसर धुरकट दिसतं, तर लोक ‘काय मोठे सुंदर डोळे आहेत’ म्हणतात. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि त्याला ऑपरेशन लागतं. पुढच्या लसीच्या तारखेची वाट न बघता लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि जवळ तसे डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालयातून किंवा मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागातून पुढची चिठ्ठी घ्या.